आवाज कलावंताचा स्वतःचा असावा

राष्ट्रीय पुरस्कारांची नियमावली ज्यानं कुणी लिहिली त्यानं जन्मात सिनेमा पाहिलेला नसणार, असं बाईंचं ठाम मत होतं. पाहिला असलाच तर फुकट पासावर, आणि तोही मध्यंतरात उठून, चार जणांच्या पायांवर पाय देत निघून गेला असणार. एखाद्याबद्दल असं एकदा ठरवलं की बाई त्यात बदल करत नसत. भाच्यानं ती नियमावली पहिल्यांदा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनी ती उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि चहाच्या गरम भांड्याखाली सरकवली.

"मावशी, अगं ती नियमावली आहे!"

"असू दे की. टेबलाला डाग पडतात."

आता बाई कोण ते सांगायला हवं, कारण कुठं लिहिलेलं सापडायचं नाही. बाईंचा धंदा आवाजाचा. पडद्यावर ओठ हलायचे दुसरीचे आणि बोलायच्या बाई. ज्या नट्यांना भाषा येत नाही, ज्यांना भाषा येते पण आवाज फुटक्या बादलीसारखा आहे, ज्यांच्याकडे दोन्ही आहे पण डबिंगच्या दिवशी नेमकं परदेशात खरेदीला जायचं असतं, अशा सगळ्यांच्या तोंडी बाईंचा आवाज. कॉलेजातल्या मुली, राण्या, विधवा, नवऱ्याला विष घालणाऱ्या बायका, एक भूत, आणि एका जाहिरातीत तर चक्क कपडे धुण्याचं यंत्र. साठी ओलांडली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. आवाज मात्र बाविशीत ठाण मांडून बसलेला. घरी फोन आला की पलीकडचा म्हणायचा, "बाळ, घरात कुणी मोठं आहे का?" बाई म्हणायच्या, "आहेत ना. पण त्यांना ऐकू येत नाही." हे खरंच होतं. नवरा कानानं अधू. त्यानं कानाचं यंत्र घेतलं होतं, पण ते बहुतेक वेळ खिशातच असायचं. आमचं लग्न टिकलं ते त्या खिशामुळं, असं बाई चारचौघांत सांगायच्या, आणि नवरा न ऐकताच मान डोलवायचा.

स्टुडिओत त्यांना सगळे बाई म्हणत. जाड दाराची, भिंतींना काळं कापड लावलेली छोटीशी खोली. समोर पडदा, एका बाजूला काच, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. खोलीत शिरताना बाई बांगड्या काढून पर्समध्ये टाकत, गालात लवंग धरत, आणि कानावर हेडफोन चढवून समोरच्या ओठांकडे बघत राहत. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, तो श्वास त्या आधी पकडायच्या. ओठ मिटले की तिथं प, ब किंवा म यायलाच हवा; लेखकानं तिथं दुसरंच काही लिहून ठेवलेलं असलं तर बाई उभ्या उभ्या शब्द बदलून टाकायच्या. लेखक चिडायचे. "तुमचं वाक्य सुंदरच आहे हो," बाई म्हणायच्या, "पण ह्या बयेचं तोंड त्यात मावत नाही."

एवढी वर्षं हे चाललेलं, पण नाव म्हणाल तर एकाही सिनेमात नाही. कपडेपट, केशभूषा, गाड्या पुरवणारा, सगळ्यांची नावं पडद्यावर येतात. बाईंचं नाही. कारण उघड आहे: नटीचा आवाज नटीचा नाही हे लोकांना कळता कामा नये. सिनेमा संपून नावं वर सरकायला लागली की बाई पाणी प्यायला उठायच्या. "मला काय करायचंय त्या यादीचं?" म्हणायच्या. पण पाणी प्यायला उठायच्या त्या नेमक्या तेव्हाच, आणि तहान लागलेली नसायची, हे नवऱ्याला ठाऊक होतं. कानानं अधू असला तरी डोळे शाबूत होते.

भाचा हा बाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण अकाली गेली, तेव्हापासून पोर बाईंकडंच वाढलं. शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट स्टुडिओत यायचा आणि काचेपलीकडच्या सोफ्यावर झोपायचा. मावशीला राणी होताना, भूत होताना बघत मोठा झाला, आणि ह्या सगळ्याचा परिणाम व्हायचा तोच झाला: दिग्दर्शक व्हायचं म्हणू लागला. बाईंनी जंग जंग पछाडलं, बँकेची परीक्षा दे म्हणाल्या, ऐकेल तर शपथ. शेवटी फरशांचे कारखाने असलेला एक निर्माता त्याच्या गळाला लागला, आणि खाणीत दगड फोडणाऱ्या एका बाईवर सिनेमा निघाला.

सिनेमाची नटी निर्मात्यानं आणली. दिसायला देखणी, स्वभावानं गोड, आणि भाषेच्या नावानं आनंद. संवाद पाठ होईनात म्हणून चित्रीकरणाच्या वेळी तिनं सरळ आकडे म्हटले. नवरा मरतो त्या प्रसंगात डोळ्यांतून घळघळा पाणी काढत ती बया एकोणतीस, तीस, एकतीस करत होती. ते बघून बाईंनी हेडफोन काढून ठेवला.

"अरे, ही रडतेय की पाढे म्हणतेय?"

"मावशी, तू आहेस म्हणून तर मी चालवून घेतलं," भाचा म्हणाला. "आणि ऐक. ह्या सिनेमात तुझं नाव येणार. एकटं. पूर्ण पडद्यावर. 'आवाज', आणि त्याच्याखाली तू."

"गप रे. नावाला काय चाटायचंय?" बाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून लवंगा दुप्पट आणायला लागल्या.

ह्या सिनेमासाठी त्यांनी जेवढा जीव काढला तेवढा कुणासाठी काढला नव्हता. आकड्यांवर शब्द बसवायचे म्हणजे डोक्याला ताप. खाणीचा मुकादम त्या बाईला कामावरून काढतो, तिथं भाच्यानं एक लांबलचक भाषण लिहिलं होतं. अन्याय, घाम, माती, सगळं कोंबलेलं. नटीनं कॅमेऱ्यापुढे जेमतेम पंधरापर्यंत मोजलं होतं. बाईंनी भाषण बाजूला सारलं, ओठ पुन्हा पुन्हा बघितले आणि त्यात मावेल असं एवढंच बोलल्या: "माझं काय चुकलं ते एकदा सांगा. म्हणजे पुन्हा करताना बरं पडेल." काचेपलीकडं रेकॉर्डिस्ट बटण दाबायचा विसरला. परत घ्यावं लागलं.

सिनेमा तयार झाल्यावर मित्रमंडळींसाठी एक खेळ ठेवला. शेवटी काळ्या पडद्यावर 'आवाज' उमटलं आणि त्याखाली बाईंचं नाव, नुसतं माहेरचं नाही, नुसतं सासरचं नाही, अगदी पूर्ण. भाचा अंधारात त्यांच्याकडं बघत होता. "अक्षरं जरा बारीक आहेत," बाई म्हणाल्या, उठल्या, आणि स्वच्छतागृहात जाऊन कडी लावून हमसून हमसून रडल्या. बाहेर आल्या तेव्हा नाक लाल झालं होतं. सर्दी झाली म्हणून त्यांनी सांगून टाकलं.

मग त्या पुरस्काराचं भूत घरात शिरलं.

निर्मात्याच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की हा सिनेमा राष्ट्रीय पुरस्काराला पाठवा. भाचा रात्रंदिवस त्या नियमावलीत डोकं घालून बसू लागला, आणि जेवताना बाईंना वाचून दाखवू लागला. सेन्सॉरचं प्रमाणपत्र गेल्या वर्षाच्या आतलं हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं की तो सिनेमा पुढच्या वर्षाचा. अमुक मिनिटांच्या वर कथापट, तमुक मिनिटांच्या खाली लघुपट. मधे लोंबकळणारा कुणाचाच नाही. थेटरात आधी दाखवला तर तो चित्रपट, घरच्या संचावर आधी दाखवला तर दूरचित्रवाणी. त्यांची नियमावली वेगळी, समिती वेगळी, बक्षिसाची बाहुली वेगळी.

"म्हणजे तीच बाई, तेच रडणं," बाई म्हणाल्या, "पण घरात रडली की टीव्ही आणि बाहेर जाऊन रडली की सिनेमा?"

"तसंच समज."

"आणि दुसऱ्या भाषेतून आणलेलं?"

"अपात्र."

"उशीर झालेलं?"

"अपात्र."

"एवढ्या अपात्रांतून उरतं तरी काय रे शेवटी?"

नवऱ्यानं कानात यंत्र घातलं. "कोण वारलं?" त्यानं विचारलं.

सिनेमा थेटरात लागला त्या दिवशी बाईंनी शेजारणीला बरोबर नेलं. तिलाच काय, अख्ख्या मजल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं: शेवटपर्यंत बसायचं, उठायचं नाही, नावं वाचायची. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना नावांच्या वेळी तहान लागली नाही. गाड्या पुरवणारा आला. जेवण पुरवणारा आला. खाणीतली खरी माणसं आली. काळा पडदा मात्र आलाच नाही. अगदी तळाशी, फरशांच्या कारखान्याच्या वर, एक ओळ सरकून गेली: 'विशेष आभार : मावशी'.

दिवे लागले. शेजारीण भाबडी. "अय्या, मावशी म्हणजे तुम्हीच ना?" ती म्हणाली. "तुम्ही तिथं स्वयंपाकाला होतात का हो?"

बाईंनी पर्स उचलली. घरी आल्यावरही त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. नवऱ्याला वाटलं यंत्र बंद पडलं. तो ते टिचक्या मारून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी भाचा आला तो नियमावली काखोटीला मारूनच. टेबलावर पान उघडून त्यानं बोट ठेवलं. अभिनयाच्या विभागासाठी एक कलम होतं: आवाज कलावंताचा स्वतःचा असावा. दुसऱ्यानं दिलेला असेल तर तो अभिनय विचारात घेतला जाणार नाही.

"तुझं नाव पडद्यावर ठेवलं असतं तर तिचा अभिनय अपात्र झाला असता गं."

"मग होऊ दे. सिनेमा तर राहिला असता. दिग्दर्शन, छायाचित्रण, काय काय विभाग आहेत की तुझ्या त्या बाडात."

भाच्यानं पान मिटलं. मग खाली मान घालून म्हणाला, "मिळालं तर तिच्या कामालाच मिळेल, मावशी. सगळे तेच म्हणतात. बाकी सिनेमा... ठीक आहे."

"तिचं काम!" बाई फिस्सकन हसल्या. "पंधरापर्यंत मोजलं तिनं. तेही बाराच्या पुढं अडखळून."

"मावशी, समजून घे."

"समजले की. चांगलं समजले. अरे, मावशी म्हणजे कोण? झाडू मारायला येते तीही मावशी, दवाखान्यात भांडं धरते तीही मावशी. तिलाही कुणी नाव विचारत नाही आणि मलाही नाही. आभार कसले मानतोस? एवढं होतं तर काहीच लिहायचं नव्हतंस. मी पाणी प्यायला गेले असते."

ह्यावर भाचा रडवेला झाला, आणि बाई स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या. राग त्यांना आला होताच. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. त्या एका काळ्या पडद्यावर आपण एवढ्या भाळलो कशा, ह्याची लाज.

अर्ज गेला. पण माशी शिंकायची तिथं शिंकलीच. कुणीतरी, बहुधा दुसऱ्याच एखाद्या निर्मात्यानं, पुरस्कार कार्यालयाला कळवलं की ह्या नटीला सिनेमाच्या भाषेत दोन वाक्यंसुद्धा धड बोलता येत नाहीत. कार्यालयानं ठरवलं की खातरजमा करायची. कशी? तर छाननी अधिकारी फोन करणार. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला सिनेमा. नटीनं फोनवर संवाद म्हणायचा, अधिकाऱ्यानं दोन्ही आवाज ताडून बघायचे, आणि विचारायचं की हा आवाज तुमचा स्वतःचा का. कार्यालयाचा असा समज होता की आता ह्यातून कुणाची सुटका नाही.

भाचा पुन्हा आला. ह्या वेळी नियमावली नव्हती, हात रिकामे. येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. बाईंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. आयुष्यभर ओठ बघण्यात गेलं, त्यांना ते बघितल्याशिवाय राहवायचं नाही. घाबरला की तो खालचा ओठ आत घ्यायचा, अगदी बहिणीसारखा. बहीण शेवटच्या आजारात अशीच ओठ आत घेऊन पडून असायची.

"बोल," बाई म्हणाल्या.

"तुला खोटं बोलायचंच नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "फोन तू घ्यायचा. तो विचारेल, हा आवाज तुमचा स्वतःचा आहे का? तू म्हणायचं, हो. खरंच आहे की नाही? तुझाच आहे ना? एक शब्द खोटा नाही, मावशी."

बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. ह्या पोराला बँकेत घातलं असतं तर बँक खाऊन बसला असता, असं त्यांच्या मनात आलं. पण ते म्हणाल्या नाहीत. कारण मग तो म्हणाला, "हे झालं नाही तर मला दुसरा सिनेमा कुणी देणार नाही." आणि ते खरं होतं. पहिला सिनेमा थेटरात आठवडाभर टिकला नव्हता. फरशीवाल्यानं सांगून ठेवलं होतं, बाहुली आण नाहीतर कारखान्यात हिशेबाला बस.

"बरं," बाई म्हणाल्या. "कधी आहे फोन?"

फोन स्टुडिओतच घ्यायचा ठरलं, कारण तिथं बाहेरचा आवाज येत नाही. भरदुपारी सगळे जमले. काचेपलीकडच्या सोफ्यावर नटी बसली होती, फिकट पिवळ्या कपड्यांत, बिस्किटं खात. अडीअडचणीला असावी म्हणून तिला बोलावलं होतं; अडचण नेमकी तीच होती, पण ते कोण बोलणार. बाईंना बघून ती उठली, वाकून नमस्कार केला आणि घोगऱ्या आवाजात, मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाली, "मावशी, मी सिनेमात किती छान बोलली ना?"

बाईंना क्षणभर वाटलं, ही थट्टा करतेय. पण नाही. पोरीच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. इतक्या वेळा तो सिनेमा तिनं बघितला होता की तिला आता खरंच वाटत होतं, आपणच बोललो. तिच्यावर चिडावं तरी कसं? "छानच बोललीस," बाई म्हणाल्या, आणि बांगड्या पर्समध्ये टाकून आत गेल्या.

फोन आला. अधिकाऱ्याचा आवाज कोरडा होता, भाजून ठेवलेल्या पापडासारखा. आपण सहायक छाननी अधिकारी बोलत आहोत, संभाषणाची नोंद होत आहे, वगैरे त्यानं एका दमात वाचून टाकलं. मग म्हणाला, "मुकादमाच्या प्रसंगातलं वाक्य म्हणा."

बाईंनी श्वास घेतला. समोर पडदा काळा होता, तरी त्यांना ते ओठ दिसत होते. "माझं काय चुकलं ते एकदा सांगा. म्हणजे पुन्हा करताना बरं पडेल."

पलीकडं बटण खटकलं. मग फोनमधून त्यांचाच आवाज आला, सिनेमातला; अधिकारी ताडून बघत होता. त्यानं ते पुन्हा एकदा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. ते ताडून बघण्यासाठी होतं की ऐकावंसं वाटलं म्हणून, देव जाणे.

"जुळतो," तो म्हणाला. आवाज जरासा मऊ पडला होता. "हा आवाज तुमचा स्वतःचा आहे?"

"माझा स्वतःचा," बाई म्हणाल्या.

"दुसऱ्या कुणी दिलेला नाही?"

"माझ्याशिवाय कुणाचाही नाही."

काचेपलीकडं फरशीवाल्यानं रेकॉर्डिस्टच्या पाठीत धपाटा घातला. नटीनं टाळ्या वाजवल्या. आवाज येत नव्हता, नुसते हात हलत होते. भाच्यानं दोन्ही हात जोडले.

"ठीक आहे," अधिकारी म्हणाला. "नोंदीसाठी तुमचं पूर्ण नाव सांगा."

हे कुणीच गृहीत धरलं नव्हतं. प्रश्नाचं उत्तर घोकून घेतलं, संवाद घोकून घेतला, पण नावाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. नावाला काय तालीम लागते? काचेपलीकडं भाचा चटकन पुढं आला, काचेला नाक लावून उभा राहिला, आणि मोठे मोठे ओठ करून सांगायला लागला. नटीचं नाव. एकेक अक्षर सुटं करून. सुरुवातीलाच ओठ मिटत होते, मग उघडत होते, मग गोल होत होते. बाईंना सगळं लख्ख दिसत होतं. ह्याहून सोपं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. समोर ओठ हलतायत. त्यात आवाज तेवढा घालायचा.

त्यांनी ओठांकडं बघितलं. तोंड उघडलं. आणि त्या ओठांशी अजिबात न जुळणारं असं, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, स्वतःचं नाव सांगितलं.

भाच्याचे ओठ हलायचे थांबले.

"हे नाव अर्जात नाही," अधिकारी म्हणाला.

"नसणारच. अर्जात आहे ती इथं बाहेर बिस्किटं खातेय. चांगली पोरगी आहे, तिला काही म्हणू नका. आवाज माझा आहे. आधीच सांगितलं की तुम्हाला, स्वतःचा आहे म्हणून."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "म्हणजे... आवाज दुसऱ्यानं दिलेला आहे."

"दुसऱ्यानं नाही हो. मी दिलेला आहे."

"मग अभिनयाची प्रवेशिका अपात्र ठरते."

"ठरवा."

"आणि तुमच्यासाठी..." तो घुटमळला. माणूस अगदीच वाईट नसावा. "आवाज देणाऱ्यांसाठी आमच्याकडं विभाग नाही, बाई. दूरचित्रवाणीतही नाही. तुमचं नाव मी लिहू कुठं? इथं रकानाच नाही."

काचेपलीकडं फरशीवाला हातवारे करत होता. नटी कुणाला तरी विचारत होती, काय झालं, काय झालं. भाचा सोफ्यावर बसला होता, ज्या सोफ्यावर तो दप्तर उशाला घेऊन झोपायचा, आणि त्यानं खालचा ओठ आत घेतला होता.  ह्या पोराचं आपण वाटोळं केलं, हे बाईंना कळत होतं. त्याला घास भरवला, त्याचा ताप उतरेस्तोवर जागल्या, आणि आज त्याच्या ताटात माती कालवली. डोळे भरून आले. पण आवाजाला त्यांनी ते लागू दिलं नाही. ती सवयच होती.

"रकाना नसू दे," त्या म्हणाल्या. "कागदाला कड असेल ना? कडेला लिहा."

"त्याचा काही उपयोग नाही."

"मला माहितेय. लिहा."

पेन चालल्याचं त्यांना ऐकू आलं. हेडफोन लावून आयुष्य काढलेला कान, एवढंही ऐकू येतं.

"लिहिलं," तो म्हणाला.

"वाचून दाखवा."

त्यानं वाचलं. मधलं एक अक्षर खाल्लं, आणि शेवट उगाच लांबवला. बाईंनी त्याला थांबवलं, कुठं चुकलं ते सांगितलं आणि पुन्हा वाचायला लावलं. ह्या वेळी त्यानं बरोबर वाचलं. कोरड्या, सरकारी आवाजात, पण सगळं नाव, एकही अक्षर न गाळता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"आणखी एकदा म्हणा."

"आता बरोबर होतं की, बाई. मला बाकीचे फोन करायचेत."

"असू द्या. बरोबर आलं तरी एक जादा टेक घेऊन ठेवायचा असतो."

त्यानं आणखी एकदा म्हटलं. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.